ऐकणारी तार, बोलणारी तार : घर, गाडी आणि टॉवरवरच्या अँटेनाचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस अँटेनावर काय बोलणार? प्रश्न योग्य आहे. मी इंजिनिअर नाही. पण संवाद म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे, आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्याचं एक उत्तर धातूच्या तारेनं दिलं आहे. म्हणून आज त्या तारेबद्दल बोलू.

आपण बोलणार आहोत ते दुतर्फी रेडिओबद्दल. म्हणजे पोलिसांचा वायरलेस, वनरक्षकाचा वॉकीटॉकी, हौशी रेडिओवाल्यांचा, ज्यांना आपण ‘हॅम’ म्हणतो त्यांचा संच. अशा संचाला अँटेना कोणता लावायचा, हा प्रश्न घरासाठी वेगळा, गाडीसाठी वेगळा आणि टॉवरसाठी वेगळा. प्रश्न तंत्राचा वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे : कोणी फक्त ऐकायचं आणि कोणाला उलट बोलता येणार?

भौतिकशास्त्रात एक सुंदर नियम आहे. अँटेना ज्या दिशेला जितकं चांगलं बोलतो, त्या दिशेकडून तितकंच चांगलं ऐकतो. तीच तार, तीच लांबी, तेच गुणधर्म. ऐकणारी तार वेगळी आणि बोलणारी वेगळी, असं निसर्गात नाही. तो भेद माणसानं केला. कधी सोयीसाठी, पण बहुतेक वेळा कायद्यानं. ही गोष्ट डोक्यात ठेवा. आजचं व्याख्यान तिच्याभोवतीच फिरणार आहे.

कदंबाचं फूल आणि मेदूवडा

आधी थोडी तयारी. आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत शब्द हा आकाशाचा गुण मानला आहे. एका जागी निघालेला शब्द कानापर्यंत पोहोचतो कसा, यावर त्यांनी दोन दृष्टांत दिले. एक वीचीतरंगन्याय : पाण्यात लाटेतून लाट निघते, तसा. दुसरा कदंबगोलकन्याय : कदंबाच्या गोल फुलाच्या पाकळ्या जशा एकदम सगळ्या दिशांना फुटतात, तसा. विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त हे दोन्ही आहेत. आता कृपा करून कोणी असं समजू नका, की आपल्या पूर्वजांना रेडिओ ठाऊक होता. ते ध्वनीबद्दल बोलत होते. पण दृष्टांत आजही कामाचा आहे.

अँटेनाच्या शास्त्रात कदंबाचं फूल म्हणजे सर्व दिशांना अगदी सारखा पसरणारा अँटेना. तो फक्त कागदावर असतो, मोजमापासाठी. प्रत्यक्षातली साधी उभी तार घेतली, तर तिच्याभोवतीचा प्रभाव मेदूवड्यासारखा असतो. आडव्या बाजूला चहूकडे भरपूर, तारेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला भोक.

आता दुकानदार म्हणतो, ‘हा जास्त गेनचा अँटेना घ्या.’ गेन म्हणजे काय? अँटेना नवी शक्ती निर्माण करत नाही. पीठ तेवढंच आहे. तुम्ही वडा तळहातानं दाबला, की तो चपटा होतो आणि कडेला लांब पसरतो. क्षितिजाकडे जास्त गेलं, म्हणजे वर आणि खाली कमी झालं. एका दिशेला दिलं ते दुसऱ्या दिशेचं काढून दिलं. म्हणून ‘सगळ्यात चांगला अँटेना कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘मला कोणाशी बोलायचं आहे?’ या प्रश्नाला आहे.

दुसरी गोष्ट लांबीची. अँटेना तरंगलांबीच्या प्रमाणात असतो. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. त्यांच्या संशोधनातल्या लहरी काही मिलिमीटरच्या, म्हणून हातात मावेल असं धातूचं नरसाळं त्यांना पुरत असे. मार्कोनीनं डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश पकडला तो अतिशय लांब लहरींवर. त्याला न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर पतंग उडवून त्याला तार बांधावी लागली. दोघंही बरोबर होते. दोघांचं काम वेगळं होतं.

टॉवर : दापोडी आणि दौंड

आता महाराष्ट्रात येऊ. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये मार्कोनी पद्धतीची ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली. संदेश पाठवण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकी-दापोडीकडे, आणि घेण्याचं केंद्र दौंडला. पलीकडे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी आणि स्केगनेस. उंच मनोऱ्यांमध्ये तारांचे पडदेच्या पडदे टांगलेले आणि सगळ्यांचा रोख एकाच दिशेला. वडा इतका दाबला, की त्याचा झोतच झाला. त्यामुळे पूर्वीच्या अवाढव्य लांबलहरी केंद्रांच्या मानानं बरीच कमी वीज लागे, आणि समुद्रातल्या केबलपेक्षा दर स्वस्त पडे. केबल कंपन्यांना त्याचा इतका फटका बसला, की दोन-तीन वर्षांत ब्रिटिश सरकारला केबल आणि वायरलेस यांचं एकत्रीकरण घडवून आणावं लागलं.

एक बारकावा बघा. पाठवणं एकीकडे आणि घेणं दुसरीकडे का? निसर्गाचा नियम मोडला म्हणून नव्हे. कानाशी ढोल वाजत असताना लांबची कुजबुज ऐकू येत नाही, एवढंच. ही सोय होती.

पण हा टॉवर बोलत कोणाशी होता? मुंबईची व्यापारी पेढी लंडनशी, सरकार सरकारशी. ज्याच्या माथ्यावरून तो झोत जात होता, त्या दौंडच्या शेतकऱ्याशी नाही. उंच आणि एकाच दिशेचा अँटेना दूरच्याला जवळ करतो आणि जवळच्याला ओलांडून जातो. हे मी रूपक म्हणून सांगत नाही, ते अक्षरशः खरं आहे. चिखलदऱ्याच्या पठारावर जास्त गेनचा उभा अँटेना लावला, तर पायथ्याच्या मैदानात शंभर किलोमीटरपर्यंत आवाज जाऊ शकतो. आणि ऐन कड्याखालच्या दरीतल्या वनरक्षकाला मात्र खरखर ऐकू येते. चपट्या वड्याच्या खाली काही नसतं. अशा ठिकाणी कमी गेनचा अँटेना हाच शहाणपणा.

गाडी : ऐकणारा पोलीस

त्याच सुमारास, १९२८ साली, अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत रेडिओ बसवला. तो एकतर्फी होता. मुख्यालय बोलणार, गाडीतला शिपाई ऐकणार. ‘पोहोचलो’ किंवा ‘चोर पळाला’ एवढं सांगायलाही त्याला उतरून टेलिफोन शोधावा लागे. १९३३ साली न्यू जर्सीतल्या बायोन गावच्या पोलिसांनी गाडीतून उलट बोलण्याची सोय केली. पाच वर्षांचंच अंतर, पण हुकूम आणि संवाद यांच्यामधलं अंतर ते हेच.

गाडीचा अँटेना गरीब बिचारा असतो. लांब तार चालत नाही, उंची मिळत नाही, आणि गाडी वळली की दिशा बदलते. म्हणून तो उभा आणि चहूकडे सारखा बोलणारा हवा. आज पोलीस किंवा हॅम ज्या पट्ट्यात बोलतात, तिथे, समजा १४५ मेगाहर्ट्झला, तरंगलांबी दोन मीटरच्या जरा वर आहे. तिचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण ४९ सेंटीमीटरची काडी पुरते. पण ही काडी अर्धाच अँटेना आहे. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचं लोखंडी छप्पर. छपराच्या मधोमध लावली तर काम उत्तम. बंपरच्या कोपऱ्यावर लावली तर एका बाजूला बोलते आणि दुसऱ्या बाजूला अडखळते. ज्याला लोखंडी छप्परच नाही, म्हणजे आपल्या ऑटोरिक्षाची ताडपत्री घ्या, तिथे जमिनीचा आधार न मागणारा अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना लागतो.

घर : गिरगाव, १९४२

आता घराकडे वळू. ज्या प्रसंगात घर आणि गाडी समोरासमोर आली, तो आपल्याच मुंबईत घडला.

कायद्याची पार्श्वभूमी आधी. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानं संदेशवहनाचा हक्क सरकारकडे गेला. १९३३ च्या वायरलेस कायद्यानं परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसतं बाळगणंही गुन्हा ठरलं. १९३९ साली युद्ध सुरू होताच हौशी रेडिओचे परवाने थांबवले गेले. घरात बसून ऐकणाऱ्यानं परवाना घेऊन ऐकावं, पण बोलू नये, अशी व्यवस्था.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर ही त्यातली नावं. शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींचं साहाय्य होतं. राममनोहर लोहियांचं मार्गदर्शन होतं. ४२.३४ मीटरवर, ‘भारतात कुठूनतरी’ बोलतोय अशी घोषणा करून.

४२.३४ मीटर म्हणजे आजच्या भाषेत सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर. या लहरीवर नीट बोलायचं तर अर्ध्या तरंगलांबीची, म्हणजे सुमारे २० मीटर तार लागते. मुंबईच्या इमारतीच्या गच्चीवर २० मीटर तार लपवणं कठीणही आहे आणि सोपंही, कारण कपडे वाळत घालायची तारही तशीच दिसते. पण डोळ्यांपासून लपलेली तार रेडिओपासून लपत नाही. पोलिसांच्या शोधगाड्या फिरत होत्या. अशा शोधात गोल वेटोळ्याचा अँटेना फिरवतात. ज्या स्थितीत आवाज नाहीसा होतो, तीवरून दिशा कळते. दोन ठिकाणांहून दोन रेषा काढल्या, की त्या नकाशावर जिथे छेदतात तिथे ट्रान्समीटर. बोलणं म्हणजे आपला पत्ता सांगणं, याचा इतका कठोर पुरावा दुसरा नाही.

म्हणून जागा बदलत राहिल्या. चौपाटीजवळचं सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भवन, शेवटी गिरगावातली पारेख वाडी. १२ नोव्हेंबर १९४२ ला तिथे धाड पडली. एका तंत्रज्ञानं पोलिसांना सांगितलं, असं उषाबेननी पुढे नमूद केलं आहे. यंत्रापेक्षा माणूस आधी फुटला. त्यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन महिनेही न चाललेला हा रेडिओ. पण घरातल्या तारेला उलट बोलता येतं, हे त्यानं सिद्ध केलं. पुढे उषाबेन मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, गांधीविचारावर काम केलं. हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटतो.

नागपूर : ऐकणारा देश

स्वातंत्र्य आलं. १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र आलं. पण ऐकणं आणि बोलणं यांची वाटणी बरीचशी तशीच राहिली. नुसता रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. आणि श्रोत्याचं उत्तर? ते पोस्टकार्डानं. फर्माईश लिहायची, खाली घरातल्या सगळ्यांची नावं लिहायची आणि वाट बघायची. आपल्या देशाचा परतीचा अँटेना पोस्टकार्ड होतं, म्हणा ना.

मे १९८८ मध्ये नागपूरजवळच्या एक हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तरंगलांबी सुमारे १९१ मीटर. रात्री हा आवाज देशाच्या मोठ्या भागात ऐकू जाई. देशाच्या मध्यावरून सगळीकडे सारखं बोलायचं, म्हणून नागपूर. कदंबाच्या फुलाच्या इतक्या जवळ दुसरं कोणी गेलं नसेल! पण एकतर्फी.

त्याच दशकात आपल्या गच्च्यांवर माशाच्या काट्यासारखे दूरदर्शनचे अँटेना उगवले. एक जण वर, एक जण खिडकीत, ‘आलं का?’ ‘थोडं सेमिनरी हिल्सकडे फिरव!’ हा यागी-उदा अँटेना, जपानच्या तोहोकू विद्यापीठात १९२६ साली जन्मलेला. त्याची एक कथा प्रसिद्ध आहे. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांना एका ब्रिटिश सैनिकाच्या वहीत ‘यागी’ हा शब्द सापडला. त्यांना अर्थ लागेना. कैद्याला विचारलं तर तो म्हणाला, अहो, हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे. घरचं ज्ञान घरच्यांना परक्याच्या वहीतून कळलं.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा तर २०२३ साली आला. कायदे एवढे दीर्घायुषी असतात.

किल्लारी

हे सगळं कशासाठी सांगितलं? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. किल्लारीचा भूकंप. सुमारे दहा हजार माणसं गेली. मोबाईल फोन या देशात अजून आलेला नव्हता. अशा वेळी सरकारी यंत्रणेच्या जोडीला हौशी रेडिओवालेही संदेशवहनाच्या कामाला लागले. रक्त हवं, औषध हवं, अमुक जिवंत आहे. २००१ साली भूजला तेच. डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी विशेष परवानगीनं हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात होते. मोहीम बाजूला ठेवून त्यांनी बेटांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले. आणि मोबाईल आल्यावर प्रश्न मिटला असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मुंबईकरांच्या हातातले फोन ठिकठिकाणी मुके झाले.

यात अँटेनाचा धडा आहे. नागपूर ते किल्लारी सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतराला उंच टॉवर लागेल असं वाटतं. लागत नाही. सात मेगाहर्ट्झची २० मीटर तार जमिनीपासून सात-आठ मीटरवर, दोन झाडांना बांधली, तर तिचा आवाज बराचसा सरळ वर जातो, आयनांबरावर आपटून छत्रीसारखा खाली उतरतो. दिवसा तीन-चारशे किलोमीटरचा परिसर त्यात येतो. डोंगर आड येत नाहीत. १९४२ चीच लहर, तशीच तार; आणि इथे तिचं बुटकेपणच कामाला येतं.

मग निवड कशी करायची?

थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकं पुष्कळ आहेत.

घरून शहरात बोलायचं तर गच्चीवर उभा, चहूकडे बोलणारा अँटेना, जमेल तितका उंच. राज्यभर बोलायचं तर वर सांगितलेली आडवी तार. एकाच दूरच्या ठिकाणाशी बोलायचं तर यागी, त्या दिशेला रोखून. आणि समोरच्याचा अँटेना उभा असेल तर आपलाही उभा हवा. एक उभा आणि एक आडवा असला, की बराचसा आवाज वाया जातो.

उंचीचा हिशेब असा : सपाट प्रदेशात ९ मीटरवरून रेडिओचं क्षितिज सुमारे १२ किलोमीटर, ३६ मीटरवरून सुमारे २५. उंची चौपट, अंतर दुप्पट. म्हणजे पहिले दहा मीटर सोन्याचे, पुढचे महाग.

टॉवर उभारला की केबल लांबते. पातळ कोॲक्स केबल ३० मीटर टाकली, तर १४५ मेगाहर्ट्झला २५ वॅटमधले जेमतेम सहा वॅट वर पोहोचतात. उरलेले केबल तापवतात. आणि नियम दोन्हीकडे सारखा : वरून येणारा आवाजही तेवढाच खंगतो. म्हणून टॉवरच्या उंचीबरोबर केबलच्या जाडीचे पैसे धरावेत.

प्रश्नोत्तरांतून

श्रोता : सर, अँटेना साधा ठेवून जास्त वॅटचा सेट घेतला तर?

शक्ती चौपट केली तरी समोरच्याच्या काट्यावर एखादा अंक वाढतो. आणि तुमचं ऐकणं तर जराही सुधारत नाही! जास्त वॅट म्हणजे फक्त मोठ्यानं बोलणं. चांगला अँटेना बोलणं आणि ऐकणं, दोन्ही सुधारतो. मोठ्यानं बोलणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नाही.

श्रोती : सर, विदर्भात विजा फार पडतात. गच्चीवर खांब लावावा का?

लावा, पण अर्थिंग नीट करून. आणि ढग दिसले की केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवा. विजेच्या तारांपासून खांब त्याच्या उंचीपेक्षा जास्त लांब असावा, म्हणजे पडला तरी तारांवर पडणार नाही. सोसायटीच्या लोकांना आधी सांगा. आणि बोलायचं असेल तर परीक्षा देऊन परवाना घ्या.

श्रोता : सर, पण परवाना घ्यायचा म्हणजे पुन्हा तेच, बोलणं सरकारच्या ताब्यात?

चांगला प्रश्न. लहरी सगळ्यांच्या आहेत, म्हणूनच त्यांना नियम हवा. रस्त्याला असतो तसा. सगळे एकदम बोलले तर कोणालाच ऐकू येत नाही. वाद नियम असावा की नसावा याचा नाही. परीक्षा देणाऱ्या शाळेच्या पोरीला ठरलेल्या मुदतीत परवाना मिळतो का, आणि तिच्या गच्चीवरची २० मीटर तार बघून शेजारी तिला संशयानं विचारतो की कुतूहलानं, याचा आहे. पुढच्या किल्लारीच्या वेळी ती तार तिथे असली पाहिजे. भूकंप झाल्यावर अर्ज करून ती लावता येणार नाही.